नोकरीतला वैताग मान्य करा, लेकरांवर फुली मारू नका

प्रश्न असा आला आहे : "मी बीड जिल्ह्यात एका तांड्यावरच्या (बंजारा वस्तीवरच्या) द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे. पहिली ते पाचवीचे वर्ग आम्हा दोघांत. सहकारी गुरुजींकडे मुख्याध्यापकाचा प्रभार, त्यामुळे त्यांच्या तालुक्याला खेपा चालूच. माझ्याकडे बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. दिवाळीच्या आसपास निम्मी लेकरं आई-बापांबरोबर ऊसतोडीला जातात. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात, बदलीची वाट बघतेय. वरिष्ठ म्हणतात, परिस्थिती स्वीकारा. स्वीकारलं की मन मरतं आणि आशा धरली की रोज अपेक्षाभंग. यातलं काय करू?"

ताई, या दोन्हींतलं एक निवडायची गरज नाही. मी शिक्षक, मुख्याध्यापक आणि शेवटी केंद्रप्रमुख म्हणून सगळी नोकरी मराठवाड्यातच केली. जी माणसं निवृत्तीच्या दिवसापर्यंत शिकवण्यात रमलेली मी पाहिली, त्यांनाही तुमच्याइतकाच त्रास होता. फक्त त्यांनी आपल्या त्रासाची हद्द नीट आखून घेतली होती. 'आज ही अडचण आहे' इतकं ते मान्य करायचे. 'म्हणून इथं काही होणार नाही' हे मान्य करायचे नाहीत. पहिली गोष्ट खरी असते, दुसरी आपण थकून काढलेली असते. तुमच्या पत्रात मला दोन्ही मिसळलेल्या दिसतात, म्हणून आधी त्या वेगळ्या करू.

गुरुजींच्या तालुक्याच्या खेपांपासून सुरुवात करतो, कारण रोजचा राग तिथंच साठतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक शाळेला ६० पटापर्यंत दोन शिक्षक आणि ९० पर्यंत तीन असं प्रमाण दिलेलं आहे. स्वतंत्र मुख्याध्यापक मिळायला पट १५० च्या वर लागतो. तुमच्या तांड्याला तो मिळणार नाही, आज नाही आणि नजीकच्या काळातही नाही. म्हणजे गुरुजी शिकवायचं टाळायला पंचायत समितीत जाऊन बसत नाहीत. एका माणसावर दोन पदं आली आहेत. हे लक्षात आलं की राग निदान योग्य पत्त्यावर जातो. आणखी एक. गुरुजी शिक्षक पात्रता परीक्षा येण्याआधीचे असतील आणि नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली असेल, तर १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्यांना दोन वर्षांत ती परीक्षा पास होणं भाग पाडलं आहे. पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाला त्याचा किती घोर लागतो, हे मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या तोंडून रोज ऐकतो. तुम्ही ती परीक्षा देऊन आलेल्या आहात. शाळा सुटल्यावर अर्धा तास त्यांच्याबरोबर गणिताच्या किंवा बालमानसशास्त्राच्या प्रश्नपत्रिका सोडवल्यात, तर तुमच्या शाळेतलं वातावरण कुठल्याही परिपत्रकापेक्षा लवकर बदलेल.

आता बीएलओ. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसदेच्या निवडणुका, ही कामं सोडली तर शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. मतदार यादीचं काम निवडणुकीत मोडतं, तेव्हा ते सरसकट नाकारता येणार नाही. परंतु २००७ साली निवडणूक आयोग विरुद्ध सेंट मेरीज स्कूल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की शिक्षकांना यादी पुनरीक्षणाचं आणि निवडणुकीचं काम सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावं. त्याचा आधार घेऊन मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना एक पानाचं पत्र लिहा. गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पाठवा, पोच घ्या. शाळा द्विशिक्षकी आहे, पट इतका आहे, गृहभेटी रविवारी आणि साडेचारनंतर करीन, एवढंच लिहा. भांडणाची भाषा नको. त्याच वेळी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा. त्या समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. 'बाई शाळेच्या वेळात बाहेर जाऊ नयेत' हा पालकांचा ठराव असला की साहेबांनाही तुमची बाजू घेणं सोपं जातं. उत्तर येईल किंवा येणार नाही. नाही आलं तरी तुमचं म्हणणं कागदावर राहील. मग उरलेलं काम वेळापत्रकात बसवा आणि त्यावर मनात वाद घालणं थांबवा. जनगणना २०२७ चं काम आलं की हीच पद्धत वापरा.

याउलट शाळेच्या ग्रुपवर 'तात्काळ', 'आजच', 'दुपारी दोनपर्यंत' असे निरोप येतात, ते कुठल्याही कायद्यात नाहीत. ती पडलेली सवय आहे, आणि सवयीला थोडं वळवता येतं. माझा अनुभव असा, की मागितल्या जाणाऱ्या माहितीपैकी बहुतेक माहिती तीच ती असते, फक्त तक्ता बदलतो. एक जाड वही घाला. शाळेचा यू-डायस (सरकारी नोंदणी) क्रमांक, वर्गनिहाय आणि प्रवर्गनिहाय पट, आधार जुळलेली आणि न जुळलेली नावं, खोल्या, शौचालयं, वीजमीटरचा ग्राहक क्रमांक, पाण्याची सोय, पोषण आहाराची शिल्लक, सगळं एका जागी लिहा. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती वही अद्ययावत करा. मग कसलाही तक्ता आला तरी थोड्या वेळात भरून होतो. आणि शाळेत येणारे निरोप दोनदाच बघायचे, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर, असं तुमच्यात आणि गुरुजींच्यात ठरवून घ्या. शासनानंही २०२४ मध्ये शिक्षकांची कोणती कामं शैक्षणिक आणि कोणती अशैक्षणिक याची वर्गवारी करणारा निर्णय काढला आहे. त्याची प्रत फाइलला लावा. बोलताना हातात कागद असलेला बरा.

पोषण आहाराचं मी वेगळं सांगतो, कारण या कामाचा त्रागा सगळेच करतात आणि त्यात दडलेलं फारसं कोणी बघत नाही. प्राथमिक वर्गाला माणशी १०० ग्रॅम तांदूळ. रोजची हजेरी घेतली की त्या दिवशी किती तांदूळ शिजवायचा हे गणित कोणाला तरी करावंच लागतं. ते फळ्यावर करा. आज ४३ लेकरं, म्हणजे ४३०० ग्रॅम, म्हणजे चार किलो तीनशे. चौथी-पाचवीच्या लेकरांनी करावं, तिसरीनं शंभराचे टप्पे मोजावेत, पहिलीनं डोकी मोजावीत. गोणीत किती होता, किती गेला, किती उरला, ही वजाबाकी. महिनाअखेर ताळा जमला नाही तर कुठं चुकलं याचा शोध. सरकारी नोंदवही तुम्ही किंवा गुरुजींनीच भरायची, ती लेकरांच्या हातात द्यायची नाही. परंतु पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणांपेक्षा हा हिशेब त्यांना जास्त खरा वाटतो, कारण त्यातला भात ते दुपारी जेवणार असतात.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. दसरा-दिवाळीला मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबं ट्रकनं किंवा ट्रॅक्टरनं निघतात आणि वर्ग निम्मा होतो. जूनपासून जीव ओतून 'मात्रा' आणि 'हातचा' इथपर्यंत आणलेली लेकरं पाच-सहा महिने उसाच्या फडावर कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहतात, लहानग्या भावंडाला सांभाळतात, वाढे (उसाचे शेंडे) गोळा करतात. पाडव्याच्या पुढं-मागं परत येतात तेव्हा आपल्याला वाटतं, गेलं सगळं वाया. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, सगळ्या भागातल्या शिक्षकांचं हेच बोलणं असतं. या दुखण्याचं मूळ कोरडवाहू जमीन, कर्ज आणि गावात नसलेल्या कामात आहे. ते शाळेत सुटणार नाही, हे मान्य करा. कुटुंब जाणार. तुम्ही रडलात तरी जाणार, घरी जाऊन समजावलंत तरी बहुतेक जाणारच.

तरीही तुमच्या हातात काय उरतं ते बघा. एक तर, लेकरू गेलंच पाहिजे असं नाही. आजी-आजोबा घरी राहत असतील तर हंगामी वसतिगृहाच्या योजनेत ते गावातच राहू शकतं, जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. पण त्यासाठी घरोघर विचारून यादी आणि प्रस्ताव पोळा-गणपतीच्या दिवसांतच जायला हवा. गाडी दारात लागल्यावर आई ऐकून घ्यायच्या स्थितीत नसते. पोळ्याच्या सुमाराला उचलीची बोलणी चाललेली असतात, तेव्हा आजीला गाठा. माझ्या अनुभवात बापापेक्षा आजीचा शब्द चालतो. मुलीच्या बाबतीत तर विशेष. तिला मागं ठेवायला घरचे घाबरतात, त्यामुळे रात्री ती कोणाच्या घरी झोपेल याचं पक्कं उत्तर तुमच्याकडे आधीच हवं.

दुसरं, जे जाणारच आहे त्याच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित लेकराला दुसऱ्या शाळेत दाखवायचं कार्ड) द्या, आणि आई-बापांना नीट सांगा की दाखला नसला तरी जवळच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये तसं आहे. कोणत्या कारखान्याकडं निघाले, मुकादम कोण, फोन कोणाकडं, हे निघायच्या आधी लिहून घ्या. पटावरून नाव कमी करू नका. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी फडावरून टोळी परतल्यावर, पाच मिनिटं फोन. अभ्यास विचारू नका. 'आज काय बघितलंस ते सांग' एवढं विचारा, आणि पाठीमागून दुसऱ्या लेकरांना दोन शब्द बोलू द्या. असा फोन येत राहिलेलं लेकरू परतल्यावर दुसऱ्याच दिवशी शाळेत येतं. फोन न आलेलं दारातून डोकावून पळतं, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. परत आलेलं लेकरू मागं पडून आलं आहे असं धरून चालू नका. काय घेऊन आलं आहे ते आधी बघा. चौथीतली एक मुलगी मार्चअखेर परत आली, तेव्हा वहीवर तिला तीन अंकी हातच्याची वजाबाकी येत नव्हती. तिच्या दप्तरात कारखान्याच्या वजनकाट्याची पावती होती, पाटीखाली कागद म्हणून घातलेली. मी ती पावती बाकावर ठेवली आणि विचारलं, हे काय गं? तिनं बोट ठेवून सांगितलं : हे भरल्या गाडीचं वजन, हे रिकाम्या गाडीचं, आणि हा आपला ऊस. शेवटची संख्या मी हातानं झाकली. तिनं छताकडं बघत, ओठ हलवत निव्वळ वजन बरोबर काढलं. हजारातून हजार, शेकड्यातून शेकडा, आणि कमी पडलं तिथं 'एक फोडला' असं म्हणत. काट्यावर फसवतात म्हणून तिच्या बापानं तिला हे शिकवलं होतं. मग आम्ही तीच पावती फळ्यावर मांडली. 'एक फोडला' म्हणजेच पुस्तकातलं दशक सुटं करणं, हे तिला त्याच दिवशी कळलं आणि वर्गातल्या इतरांना तिच्यामुळं कळलं. कर्नाटकच्या हद्दीतल्या कारखान्यावरून आलेली पोरं कन्नडमध्ये 'ओंदु, एरडु, मूरु' मोजून दाखवतात. ट्रकच्या पाट्या वाचून वाचन पक्कं झालेली पोरं मी बघितली आहेत. पाठ्यपुस्तकाच्या मार्च महिन्याच्या पानावर त्यांना बसवलं तर ही सगळी शून्य ठरतात.

म्हणून परतल्यावर पहिल्या आठवड्यात चाचणी घ्या ती पातळीची घ्या : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, आणि गणितात संख्याज्ञान, बेरीज, वजाबाकी, भागाकार. इयत्ता बाजूला ठेवा. पाच वर्ग दोघांत असण्याचा हाच एक फायदा आहे, की तुमच्याकडं इयत्तांच्या भिंती आधीच नाहीत. परिच्छेद पातळीची तिसरीची पोरगी आणि पाचवीचा पोरगा एका चटईवर बसले तर कोणाला वावगं वाटत नाही. मोठ्या शाळेत हे करायला परवानग्या लागतात.

तांडा म्हटल्यावर भाषेचंही बोललं पाहिजे. तुमची लेकरं घरी गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, बोलत असतील. पहिलीत आलेलं लेकरू आईला याडी म्हणतं आणि पुस्तकात 'आई' असते. ते गप्प बसतं आणि आपण शेरा लिहितो, 'प्रतिसाद देत नाही'. त्याच्याकडून शब्द घ्या. एका भिंतीवर त्यांच्या बोलीतले शब्द चित्रांखाली लिहा आणि त्याखाली मराठी. तांड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला बोलावून गोष्ट सांगायला लावा. यासाठी निधी लागत नाही, मंजुरीही लागत नाही.

एक तास मात्र राखून ठेवा. परिपाठ झाल्यानंतरचा पहिला तास निव्वळ शिकवण्याचा. त्या वेळात फोन कपाटात, नोंदवह्या बंद, कोणी आलं तर बाहेर बाकावर बसवायचं. दिवसाचं बाकी सगळं विस्कटलं तरी चालेल, हा तास विस्कटू द्यायचा नाही. गुरुजी तालुक्याला गेले आणि तुम्ही एकट्या असाल, तर त्या तासाला सगळी शाळा एकत्र घेऊन गोष्टीचं वाचन करा. मोठ्यांनी लहानांना वाचून दाखवायचं. मी ज्या शिक्षकांना वैतागातून वर आलेलं बघितलं त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांनी असा एखादा तुकडा धरून ठेवला होता. उन्हाळ्यात विहिरीत उरलेलं हातभर पाणी माणूस जसं जपून शेंदतो, तसं. पाचवीच्या दोन-तीन लेकरांना नवोदयच्या परीक्षेची तयारी करून घ्यायची असेल तर तीही याच काळात सुरू करता येते. सहावीला निवड झाली तर बारावीपर्यंत राहण्या-जेवणासह शिक्षण होतं, आणि ऊसतोडीच्या घरातल्या लेकरासाठी त्याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

बदलीबद्दल. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात असल्यामुळं तुमची मागणी रास्त आहे. पती-पत्नी एकत्रीकरणाची कागदपत्रं तयार ठेवा, बदलीचं पोर्टल उघडेल त्या दिवशी अर्ज भरा. आंतरजिल्हा बदलीत नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता नव्यानं धरली जाते, याचा विचार दोघांनी बसून आधीच करून ठेवा. पण रिक्त पदं आणि बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची यादी) तुमच्या हातात नाहीत. बदलीचं काम वर्षात थोडे दिवसच असतं, वाट बघणं मात्र रोजचं होऊन बसतं. शिक्षक भाड्याच्या खोलीत भांडीसुद्धा नीट लावत नाहीत, गावात कोणाच्या घरी चहाला जात नाहीत, 'बदली झाल्यावर बघू' म्हणत चार-पाच वर्षं काढतात. ताई, तेवढ्या वेळात पहिलीचं लेकरू पाचवी पास होऊन निघून जातं. तुम्ही बदली मागा आणि खोली नीट लावा. दोन्ही करता येतं.

काही गोष्टी मात्र स्वीकारायच्या नसतात. कोणी वरिष्ठ किंवा गावातला पुढारी अपमान करत असेल, सलगी करत असेल, खोट्या हजेरीवर किंवा धान्याच्या खोट्या नोंदीवर सही मागत असेल, किंवा पावसाळ्यात गळून छताचे तुकडे पडणाऱ्या खोलीत वर्ग भरवायला सांगत असेल, तर तिथं 'परिस्थिती' हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकून घेऊ नका. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडं लेखी करता येते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. खोट्या सहीला नकार लेखी द्या. धोक्याच्या खोलीला कुलूप लावून त्याच दिवशी ग्रामपंचायत आणि पंचायत समितीला कळवा, झाडाखाली वर्ग भरवा. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याचं जे झालं त्यानंतर तर ओलसर भिंतीचा भरवसा कोणी धरू नये.

आणि 'मन मरतं' असं तुम्ही लिहिलं आहे, ते मी वरवर घेत नाही. झोप उडाली असेल, रविवारी संध्याकाळी छातीत धडधडत असेल, आवडत्या लेकरावरही विनाकारण हात उगारावासा वाटत असेल, तर तो स्वभावाचा दोष समजू नका आणि एकट्यानं ओढत राहू नका. नवऱ्याला सांगा, डॉक्टरला दाखवा. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं. रजा शिल्लक असेल तर घ्या. शाळेसाठी रजा साठवणाऱ्या शिक्षकांबद्दल मला आदर आहे, तरी आजारी माणसानं रजा घ्यावी असंच मी सांगीन.

सध्या दोनच कामं हाती घ्या. मतदार नोंदणीचं पत्र या आठवड्यात, आणि कोणतं घर कधी निघणार, कोणाची आजी मागं राहणार, याची यादी त्यानंतर लगेच. ती यादी शाळेच्या वहीत करा, तुमच्या फोनमध्ये नको. त्यात प्रत्येक लेकराची वाचन-गणिताची पातळी, घरची भाषा, मुकादमाचा नंबर आणि ते कशात हुशार आहे, हे सगळं असू द्या. बदलीचा आदेश पुढच्या उन्हाळ्यात आला किंवा तीन वर्षांनी आला तरी ती वही गुरुजींच्या ताब्यात देऊन जा. तुमच्या जागी येणाऱ्याला पहिले सहा महिने नावं आणि घरं शोधण्यात घालवावे लागणार नाहीत.